तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये

परमप्रिय मामा,

प्रभूमध्ये तुम्हाला आणि मामींना सलाम. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, म्हणजे शरीराने. मनाचं विचाराल तर तुमच्या भाच्याचं तेलही गेलं आणि तूपही गेलं.

लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीला रविवार नसतो हे तुम्ही जाणताच. एकतीस लिफ्ट माझ्या गळ्यात आहेत आणि चर्चमध्ये उपदेश सुरू झाला की त्यातली एक हमखास बंद पडते. (सोमवारी सगळ्या चालतात. पाळक म्हणून चाळीस वर्षांच्या सेवेत तुम्हाला याचं कारण कुठे आढळलं असेल तर कळवा.) वर्षभरात मी एकाही उपदेशाचा शेवट ऐकलेला नाही. दावीदाने गोफण फिरवली इथवर मला माहीत असतं, पुढे गल्याथाचं काय झालं ते जेवताना बायको सांगते. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, "अहो, देवासाठी दीड तास फोन बंद ठेवता येत नाही?" तुमच्या पत्रातही तेच होतं. एका बाजूला दोन पाळक, दुसऱ्या बाजूला एक मेकॅनिक. मी किती तग धरणार? कामावरचा जोडीदार रजेवर आहे हे ठाऊक असूनही गेल्या रविवारी मी फोन बंद केला, बायकोच्या पर्समध्ये टाकला आणि थेट पहिल्या बाकावर जाऊन बसलो. मामा, काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

नऊ वाजून गेले तरी पाळकसाहेबांचा पत्ता नाही. तीन गीतं झाली, मग तीच तीन पुन्हा झाली. शेवटी मंडळीचे चिटणीस माझ्यापाशी येऊन म्हणाले, आज इतके पुढे बसलाच आहात तर दोन शब्द तुम्हीच बोला. दोन शब्द चाळीस मिनिटं चालले. फोन वाजताच देवाच्या घरातून पळणाऱ्यांना मी असं फैलावर घेतलं की दोघातिघांनी माना खाली घातल्या. (त्यांतला एक डॉक्टर होता.) शेवटी डोळे मिटून खड्या आवाजात प्रार्थना केली, की प्रभू, आमचे पाळकसाहेब या घटकेला जिथे असतील तिथे त्यांना उचलून धर.

ते आधीच उचलून धरलेले होते. उपासनेपूर्वी साडेआठला एका आजाऱ्याला भेटायला गेले, ते तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लटकले. लिफ्ट माझीच. सोबत पाचव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, हातात फक्त दुधाची पिशवी. पाळकसाहेबांचा फोन घरी होता (ते स्वतः नियम पाळतात), आणि वॉचमनला फक्त माझा नंबर पाठ. उपासना संपल्यावर फोन सुरू केला तर त्याचे सत्तावीस कॉल. धापा टाकत गेलो, गच्चीवरच्या यंत्राचं चाक हाताने फिरवून लिफ्ट खाली आणली, दार उघडलं. पाळकसाहेब कोट काढून जमिनीवर बसले होते.

"फोन बंद होता वाटतं?"

"तुम्हीच सांगितलं होतंत."

त्यावर त्यांनी नुसता कोट उचलून अंगात चढवला, आणि तेच मला जास्त लागलं. बाईंना दमा आहे हे मला वॉचमनने नंतर सांगितलं. दोन तास त्यांचा श्वास नीट चालला ही प्रभूची कृपा. तिच्यात माझा वाटा शून्य.

तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की कान फोनकडे असतो, आणि कामावर गेलो की एकेक पेच तीनतीनदा आवळतो. देवाकडे तोंड केलं तर माणूस लटकतो, माणसाकडे धावलो तर देवाकडे पाठ होते. दोघांनाही पुरेल इतका मी नाहीच, मामा.

तुमचा हताश,
भाचा

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठी, की येत्या रविवारी मला मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागायची आहे. तेवढं चार ओळींत लिहून पाठवा. 'देवाची इच्छा' हे शब्द टाळा. लिफ्ट बंद पडण्याचं कारण म्हणून कंपनीला मी तेच लिहून दिलं होतं, ते 'पुरावा जोडा' असा शेरा मारून परत आलं.

आणखी एक. काल त्या इमारतीत तपासणीला गेलो तेव्हा शिक्षिकाबाईंनी मला दारात थांबवलं. म्हटलं, आता खरडपट्टी. तर म्हणाल्या की त्यांच्याशी सलग दोन तास कुणी बोलत बसलं त्याला सहा वर्षं झाली होती. मग हळूच विचारलं, "पुन्हा कधी बंद पडेल हो?" मी म्हटलं, बाई, आता नाही पडणार, नवा भाग बसवलाय. चौदा वर्षं ही नोकरी करतोय, पण लिफ्ट चांगली चालते हे सांगायची इतकी लाज कधी वाटली नव्हती.