सेज फ्लॅटचं विश्रामगृह

आयसेलिन, न्यू जर्सी
३० ऑगस्ट २००४

चि. अहिल्या हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझं बोलणं मला अर्धं ऐकू आलं. उरलेलं अर्धं कादंबरीने सांगितलं. आमची लेक सांगताना काय गाळते ते कळायला मार्ग नाही, म्हणून हे पत्र.

चि. निमिषला डेन्व्हरला नोकरी लागली, आनंद झाला. तो विमानाने न जाता तुला आणि सूनबाईंना गाडीत घालून नेव्हाडाच्या वाळवंटातून नेणार, हेही समजलं. मी लायब्ररीतून नकाशा आणला. क्युपर्टिनोहून पहाटे निघालात तर पंधरा ऑक्टोबरचा मुक्काम सेज फ्लॅट नावाच्या गावी पडतो. तिथे रस्ता सरळ आहे आणि आजूबाजूला काही नाही. आपल्या सिरोंच्याकडे निदान जंगल तरी होतं.

मुक्कामाची काळजी करू नये. सार्वजनिक बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यात एकदाही छपराविना झोपलो नाही, कारण अर्ज आधी पाठवला. तिथल्या काउंटीचं रस्ते खातं आहे, त्याचा पत्ता लायब्रेरियन बाईंनी काढून दिला. ‘कार्यकारी अभियंता’ यांच्या नावे काल अर्ज टाकला. विश्रामगृहात एका रात्रीसाठी दोन खोल्या, शाकाहारी जेवण, सकाळी सहाला चहा. तुझ्या गुडघ्यांमुळे तळमजला असावा, असंही लिहिलं आहे. कादंबरीच्या ड्रॉवरमधल्या पाठकोऱ्या कागदांवर तीनदा कच्चं लिहून मग पक्कं केलं.

इथे माझं ठीक चाललं आहे. सकाळी सगळे कामावर जातात. मी डिशवॉशर रिकामा करत असे. ताटल्या चुकीच्या कपाटात जातात असं निष्पन्न झालं, तेव्हापासून ते कामही राहिलं नाही. त्यामुळे तुमच्या प्रवासाकडे पूर्ण लक्ष देता येईल.

लोभ आहेच. तो मैल मोजून कमी करू नये.

तुझा,
हेमचंद्रदादा


क्युपर्टिनो
८ सप्टेंबर २००४

तीर्थस्वरूप दादा यांस,
अहिल्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. निमिषला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मामाला सांग, अमेरिकेत विश्रामगृहं नसतात. मी त्याला म्हटलं, तुझ्या मामाला ते सांगायची हिंमत सिरोंच्याच्या खानसाम्याला झाली नाही, मी कुठून आणू?

माझं लग्न झालं त्या वर्षी तू मला आणि ह्यांना सिरोंच्याच्या विश्रामगृहात घेऊन गेला होतास, ते अजून आठवतं. खानसाम्याने वांग्याची भाजी केली होती आणि तू रात्री कंदिलाशी बसून अभिप्राय वहीत लिहीत होतास की न्हाणीघराची कडी लागत नाही. मी आत होते आणि बाहेर ह्यांना दाराला पाठ लावून उभं केलं होतं. ती कडी पुढे दुरुस्त झाली का, हे तू कधी सांगितलं नाहीस.

राधिका सामान बांधते आहे. कढई न्यायची की नाही यावर आठवडाभर चर्चा चालली आहे. मी तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलं आहे. डेन्व्हरला बस्तान बसलं की मी विमानाने तुझ्याकडे येणार आहे, तेव्हा आणीन.

अर्जाचं उत्तर आलं तर कळव. नाही आलं तरी कळव. तुझ्या आशीर्वादाची सवय आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझी,
अहिल्या


आयसेलिन
१३ सप्टेंबर २००४

ती. अहिल्याआत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, मी हे ऑफिसमधून लिहितेय. घरून लिहिलं तर बाबा पाकिटावर तिकीट सरळ लागलंय का ते बघतात, आणि मग पत्ता वाचतात.

निमिषने मला सगळा प्रोग्रॅम ईमेल केला. सेज फ्लॅटच्या मोटेलचं त्याने इंटरनेटवर बुकिंग केलंय, कन्फर्मेशन नंबर आलाय. मी प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. म्हणजे तुमची सोय झालीय, टेन्शन नाही. प्रॉब्लेम बाबांचा आहे.

तू इथे नाहीस म्हणून तुला माहीत नाही. तीन वर्षांत त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही, खरं सांगते. आई गेल्यावर मीच हट्ट करून आणलं त्यांना. त्या अर्जानंतर ते रोज सातला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. पोस्टमन अकराला येतो. त्याला ते बाहेर जाऊन भेटतात. तो त्यांना सर म्हणतो.

मला सुरुवातीला भीतीच वाटली. या दिवसांत परदेशी माणसाने सरकारी कचेरीला लिहायचं की अमुक तारखेला, अमुक रंगाच्या गाडीतून तीन जण तुमच्याकडे मुक्कामाला येत आहेत, आणि गाडीचा नंबर द्यायचा! तुझा जावई अमित म्हणाला, आता एफबीआय येईल. आले असते तर बाबांनी त्यांना चहाला बसवलं असतं.

माझी एकच विनंती आहे. मोटेलचं त्यांना कळू देऊ नकोस. डेन्व्हरला पोचल्यावर लिही की विश्रामगृह चांगलं होतं. हे खोटं आहे, पण ते मी स्वतः बोलू शकत नाही. माझा चेहरा त्यांना रोज दिसतो.

निमिष-राधिकाला सांग. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी,
कादंबरी


क्युपर्टिनो
१९ सप्टेंबर २००४

चि. कादंबरी हिस,
अनेक आशीर्वाद.

दादाला खोटं लिहायचं मी साठ वर्षांत दोनदा केलं आणि दोन्ही वेळा पकडले गेले. तरी लिहीन. खोल्या दोन होत्या, चहा सहाला आला, एवढं जमेल. निमिषला दम दिला आहे. तो म्हणतो, आई, चहा सहाला तर मोटेलमध्ये मशिनचा मिळतो, म्हणजे निम्मं खरंच आहे.

ताटल्या कुठल्या कपाटात ठेवायच्या ते दादाला एकदा दाखव. रस्ते बांधलेला माणूस आहे, शिकेल.

आत्याला मनात जागा असू द्यावी.

तुझी,
आत्या


आयसेलिन
१ ऑक्टोबर २००४

चि. अहिल्या हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अर्जाचं उत्तर आलं. त्याची प्रत सोबत जोडली आहे, ती पर्समध्ये ठेवावी, सामानात नको.

लिहिणारे डेल हॉब्स हे कार्यकारी अभियंता नाहीत, मुकादम आहेत. अभियंता तिथे नाहीच, हॉब्सच सगळं पाहतात. ते लिहितात की खात्यापाशी विश्रामगृह नाही आणि असं पत्र त्यांना बावीस वर्षांत प्रथमच आलं. मात्र बर्फ काढणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी यार्डामागे एक घर आहे, चाकांवरचं, पण चाकं काढलेली. नोव्हेंबरपर्यंत ते रिकामंच असतं. पुतणी किंवा बहीण कोण येत असेल ती अडली तर तिने खुशाल यावं, आपण यार्डात सहापर्यंत असतो. मजला एकच आहे, तो तळमजलाच. जेवणाचं वचन देता येत नाही.

मी आभाराचं पत्र पाठवलं आणि तू बहीण आहेस असा खुलासा केला. अभिप्राय वही असल्यास तीत लिहावं, नसल्यास मागावी. सिरोंच्याच्या कडीबद्दल विचारलं होतंस. मी अकरा वर्षं दर मुक्कामाला लिहिलं. शेवटच्या वर्षी दार बदललं, कडी तीच बसवली.

आज डिशवॉशर रिकामा करायला कादंबरीने स्वतःहून सांगितलं. कपाटांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. काय झालं आहे कळत नाही, पण बरं आहे.

सांभाळून जा. थांबाल तिथे आमची आठवण ठेवा.

तुझा,
हेमचंद्रदादा


डेन्व्हर
१९ ऑक्टोबर २००४

तीर्थस्वरूप दादा यांस,
अहिल्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. कढईसुद्धा पोचली.

आता खरं तेच लिहिते. निमिषने त्या गावात इंटरनेटवर मोटेल घेऊन ठेवलं होतं. तुला सांगितलं नाही. यात तुझ्या लेकीचा दोष नाही, माझा आहे. मीही गप्प बसले.

शुक्रवारी पहाटे निघालो, तेव्हा राधिकाने बरोबर वीस थेपले आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. दुपारपर्यंत ठीक होतं. नंतर रस्ता असा सरळ लागला की निमिष म्हणाला, स्टिअरिंग कशाला दिलंय कुणास ठाऊक. तासाभरात समोरून दोन गाड्या आल्या. दोन्ही ड्रायव्हरांनी हात केला. आम्हीही केला. साडेपाचला सेज फ्लॅट आलं. एक पेट्रोल पंप, एक मोटेल, एक बंद सिनेमा.

मोटेलच्या अंगणात शिकाऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या. हरणांचा मोसम उघडला होता. निमिषने कागद दाखवला. मालकीणबाईंनी तो चष्मा लावून वाचला आणि विचारलं, हे कुठून आलं? मग त्यांनीच उलगडा केला. ती वेबसाइट त्यांच्या पुतण्याने केली होती, तो मार्चमध्ये सैन्यात भरती झाला आणि पासवर्ड घेऊन गेला. तेव्हापासून आलेलं बुकिंग कुणी पाहिलेलं नाही. आमचा नंबर या वर्षीचा चौथा. बाराही खोल्या भरल्या होत्या. त्यांनी पुढच्या गावाला फोन लावून पाहिला, सत्त्याहत्तर मैलांवर. तिथेही शिकारीच.

निमिष म्हणाला, गाडीत झोपू. त्या बाई म्हणाल्या, रात्री पाणी गोठतं. राधिकाने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मला तर गाडीतून उतरल्यावर सरळ उभंसुद्धा राहता येत नव्हतं. सहाला दहा मिनिटं होती. मी पर्स उघडली आणि म्हटलं, निमिष, मामाच्या अर्जाला उत्तर आलंय, यार्ड कुठाय ते विचार. तो कान धरल्यासारखा निघाला.

हॉब्ससाहेब फाटकाला कुलूप लावत होते. उंच, टोपी, मिशी. मी प्रत पुढे केली. त्यांनी घेतलीच नाही. म्हणाले, पांढरी होंडा, कॅलिफोर्नियाची, तीन जण, बहिणीचे गुडघे दुखतात. मी दुपारी हीटर लावून ठेवलाय. दादा, तुझा अर्ज त्यांनी कचेरीच्या भिंतीवर टाचणीने लावला आहे. शेजारी काउंटीचा नकाशा आहे.

घर लांबट, दोन टोकांना दोन खोल्या. गाद्या कडक, गुडघ्यांना बऱ्या. त्यांच्या मिसेस झाकलेल्या ताटात भाजलेले बटाटे आणि मका घेऊन आल्या, कारण तू शाकाहारी लिहिलं होतंस आणि त्यांना दुसरं काही सुचेना. आम्ही त्यांना थेपले दिले. साहेबांनी लोणचं नुसतंच खाल्लं, मग टोपी काढून पाणी मागितलं. सकाळी सहाला ते कॉफी घेऊन आले आणि म्हणाले, चहाचं दुकान लांब आहे, तुमच्या भावाला समजावून सांगा.

अभिप्राय वही नव्हती. मी मागितली. त्यांनी डिझेलची नोंदवही दिली, मागून उघडून. मी लिहिलं की व्यवस्था समाधानकारक, यजमान सज्जन, बाथरूमची कडी लागत नाही. राधिकाने खाली सही केली. निमिषनेही केली, पण मान खाली घालून. डेन्व्हर येईपर्यंत त्याने मामाचा विषय चारदा स्वतः काढला. तो तुला लिहिणार आहे.

रागावला असशील तर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
अहिल्या


आयसेलिन
१२ नोव्हेंबर २००४

चि. अहिल्या हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागाचं कारण नाही. मोटेलचं मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. अर्ज ज्या पाठकोऱ्या कागदांवर कच्चा लिहिला, त्यातल्या एकाच्या दुसऱ्या बाजूला निमिषचा पहिला प्रोग्रॅम मोटेलच्या नावासकट छापलेला होता. तरी अर्ज पाठवला. खात्यात मुक्काम नेहमी दोन ठिकाणी धरून ठेवायचा असतो, त्यात एक जागा साहेबांनी सुचवलेली असते आणि दुसरीत झोपायचं असतं. तुम्ही सगळे माझ्यापासून ते लपवायला इतके कष्ट घेत होता की बोलून तुमची निराशा करावीशी वाटली नाही. कादंबरीला हे सांगू नकोस. तिच्या चिठ्ठ्या अजून कपाटांवर आहेत.

निमिषचं पत्र आलं. मराठीत दोन ओळी आहेत, बाकी इंग्रजीत. दोन ओळींत मामाची माफी आहे. अक्षर सुधारायला हवं.

मुख्य बातमी हॉब्स यांच्या पत्राची. नोंदवहीतली तुझी तक्रार त्यांनी वाचली आणि दुसऱ्याच दिवशी कडी बदलली. जुनी कडी पाकिटातून मला पाठवली आहे, खात्री पटावी म्हणून. ती टेबलावर आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत अभिप्राय वहीतल्या शेऱ्यावर कारवाई झाल्याचं हे पहिलंच उदाहरण. त्या आनंदात मी पोस्टमनलाही ती दाखवली. त्याने दोन्ही बाजूंनी पाहून मान हलवली.

शेवटी ते विचारतात की मी स्वतः तपासणीला कधी येणार. मी अर्ज पाठवला आहे. पुढच्या वर्षी सोळा जून, एक खोली निमिष आणि माझ्यासाठी, दुसरी तुझ्यासाठी आणि राधिकासाठी. चहाची पुडी आपण नेऊ. निमिषला सांग, गाडी त्याने चालवावी, बाकी काही ठरवू नये.

नवी कडी मी आतून लावून पाहणार आहे. तोवर मेतकुटाची वाट पाहतो. तू आलीस की डिशवॉशर कसा रिकामा करायचा ते दाखवीन.

आम्ही आहोत तिथे तुझी जागा राखून ठेवली आहे, अर्जाची गरज नाही.

तुझा,
हेमचंद्रदादा