विनाहीकचे निरोप

३ जाने. २००३, शुक्र.
आमची 'निरोप' साइट गेली ती गेलीच. अमेरिकेतल्या सर्व्हरवाल्या कंपनीने गाशा गुंडाळला, पत्र नाही की ईमेल नाही. 'निरोप' उघडायला गेलो तर पांढरं पान. तसा दोन वर्षांत मी तिकडे फिरकलोही नव्हतो, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार.
उघडायला गेलो ते दुपारच्या फोनमुळे. गुहागरहून, विनायकची बायको सुनंदा. विनायक ऑगस्टमध्ये सुट्टीवर गावी गेला आणि तिथेच छातीत दुखून... मला पत्ताच नव्हता. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं शुक्रवारी बसून ते माज्यासाठी बोलायचे ना, तेवढं काढून द्या. धाकटी इसरत चाललीय त्यांना."
देतो म्हणालो. बॅकअपची सीडी आहे.

४ जाने., शनि.
सीडी सौ.च्या शिवणाच्या डब्यात. आधी नुसती खिचडी दिसली, मग जुना मराठी फॉन्ट टाकला आणि एकेक पान उघडत गेलं. तोच भडक पिवळा रंग, वर पंख हलवणारं कबुतर.
९८ साल. शारजातली हीच खोली. शुक्रवारी सकाळी दाराबाहेर चपलांचा ढीग. गुहागर-दापोलीकडची बांधकामावरची माणसं ओळीने बसायची आणि भिंतीकडे बघून, लाजत, घरी द्यायचा निरोप सांगायची. माझा मित्र वासू टाइप करायचा. मी चहा आणि मोडेम सांभाळायचो. शनिवारी गुहागरातला टायपिंग क्लासवाला ते उघडून त्यांच्या बायकांना वाचून दाखवायचा. बस, एवढंच. पण इतकं चांगलं काम त्यानंतर माझ्या हातून झालं नाही. फार आठवण आली त्या सकाळींची.

६ जाने., सोम.
विनायकचे निरोप वाचायला घेतले. सगळीकडे 'विनाहीक'. मी विसरूनच गेलो होतो.
म्हणजे मुद्दाम विसरलो होतो. २००० साली मला शुद्ध मराठीचं वारं लागलं. अमेरिकेतले लोकही साइट बघतात, बरं दिसत नाही, म्हणून वासूने टाइप केलेलं सगळं एका बैठकीत सुधारलं. कॉम्प्युटरला सांगितलं, सगळीकडे 'नाय'चं 'नाही', 'हाय'चं 'आहे', 'व्हता'चं 'होता' कर. कॉम्प्युटरने इमानदारीने विनायकच्या पोटातला 'नाय'सुद्धा बदलला. हायवेचा आहेवे झाला. वाक्यंही मधूनमधून नीट बसवली, तेवढी माझ्या हाताने.
माणसं महिनाभर हसली. विनायक तेवढा म्हणाला, "सायेब, बायको इचारते, तिकडं दुसरी कोन लिवून देते काय?"
वासू हसला नाही. "ही त्यांची भाषा हाय मास्तर, तुझी निबंधाची वही नाय," म्हणाला आणि उठला. तेव्हापासून बोलणं बंद. चूक कळत होती, पण माघार कोण घेणार. मग साइटही बसली.
बॅकअप दर महिन्याला त्याच सीडीवर, आधीचं पुसून. म्हणजे माझ्याकडे आहेत ते सगळे विनाहीकचे. विनायकचा एकही नाही.

९ जाने., गुरु.
ऋचाला सांगितलं. ती टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली, "जस्ट रिप्लेस इट बॅक, बाबा."
केलं. मेव्हणीच्या आहेराचा हायर झाला, ते सोडा. पण कॉम्प्युटरसमोर बसला की विनायक स्वतःही मधेच सावरून, शाळेतल्यासारखं 'नाही' म्हणायचा. त्याचं 'नाही' कुठलं आणि माझं कुठलं? मशीनला ठाऊक नाही, मलाही नाही. पुन्हा होतं तसं करून ठेवलं. कपाळ माझं.

१२ जाने., रवि.
जेवणाच्या सुट्टीत दुबईत, रास अल खोरला. वासू अजून त्याच स्पेअर पार्ट्सच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. केस पिकलेत.
"या मास्तर. आज इकडं कुठं?"
विनायकचं सांगितलं. त्यालाही माहीत नव्हतं. खोक्यावर बसला आणि बराच वेळ हातातल्या पावत्या सरळ करत राहिला. मग मी त्याच्या फ्लॉपींचं विचारलं, मूळ टाइप केलेलं त्यांत असायचं.
"खलास रे. खोली बदलली तेव्हाच फेकल्या. माझ्याकडे काय नाय उरलं."
माझं चुकलं होतं, असं म्हणालो. अडीच वर्षांत पहिल्यांदा. त्याने पावत्या खिळ्याला अडकवल्या. निघताना म्हणाला, "त्याच्या बायकोलाच वाचून दाखव. सुधारायच्या आधीचं ऐकलंय तिनं."
चहा मात्र पाजला.

१७ जाने., शुक्र.
ठरल्याप्रमाणे अकराला फोन लावला. सुनंदावहिनींना सगळं खरं सांगितलं: शब्द माझ्या हातून बदललेत, मूळ राहिलं नाही, ऐका आणि चुकेल तिथे थांबवा. पहिला निरोप वाचायला घेतला. मी बरा आहे. पगार वेळेवर आहे. "इथे जेवताना तुझी आठवण येते."
"थांबा," वहिनी म्हणाल्या. "हे त्यांचं नाय."
मी म्हटलं, कागदावर तर हेच आहे.
"आठवण येते असं ते जल्मात बोलले नायत. ते बोलले व्हते, 'हितं जेवताना मला तुजा राग येतो.' क्लासवाल्यानं वाचलं आन सगळ्या बाया हसल्या. मी घरी येऊन रडले."
मग मला आठवलं. कबूल करतो. 'राग येतो' बरं दिसत नाही, बायकोला असं कुणी लिहितं का, म्हणून मीच खोडलं होतं.
"तेवढं परत लिवा भाऊ," त्या म्हणाल्या. "धाकटीला तेच वाचून दाखवायचंय."
लिहिलं, त्या सांगतील तसं. अजून तेवीस निरोप आहेत. त्यात मी कुठे कुठे आठवण घातली आहे, मला सांगता येत नाही.