पृथ्वी जरा चेपावी

आंबेनळीच्या पायथ्याची वाडी, ता. पोलादपूर
होळीनंतरचा शनिवार

चिरंजीव मुरारीस थोरल्या बहिणीचे, बयाबाईचे, आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल. (नसेल तर बिड्या सोड, मला औषध विचारू नको.) आम्ही सगळी बरी हाव, म्हंजे उभी हाव.

पाण्यापायी जीव दमला रे. आमच्या मळ्यातला झरा राहीबाईचा झाला, माझ्या धाकट्या जावेचा. झरा हाय तिथंच हाय, बेडकं पण तीच. पण मोजणीचा साहेब नवा नकाशा घेऊन आला, जुन्यावर ठेवला, आन् झरा बांधापल्याड गेला. दुसऱ्याच दिवशी राहीबाईनं करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आता मी हंडा घेऊन पार नदीवर उतरते. तुझे दाजी म्हणतात, सरकारी कागद हाय, गप ऱ्हा. (ते स्वतः लग्नापासून गप हायेत.)

शेवटी मी साहेबाला गाठलं. म्हणाला, पृथ्वी नीट गोल नाय, वरखाली चपटी हाय. किती चपटी ते जुन्या लोकांनी एक धरलं, नव्यांनी दुसरं, म्हणून रेघा सरकतात. नकाशे दोन्ही बरोबर, फक्त एकावर एक ठेवायचे नसतात. (मग ठेवलेस का रे मेल्या?) आन् गोल वस्तू कागदावर कशी पसरते ते दाखवायला माझ्या परसातलं पपनस मागितलं. सबंध साल काढून पाटावर चेपली, ती कडेनं टराटरा फाटली. म्हणे, कुठंतरी फाटणारच. मी म्हटलं, "फाटायचं तर समुद्रात फाडा की, माझ्याच झऱ्यावर कशाला?" तो हसला आन् सगळं पपनस खाऊन गेला.

राहीबाईला जाऊन सांगितलं, दोन्ही नकाशे खरे हायेत. ती काट्यांआडून म्हणते, "मग अक्का, जुनी पृथ्वी तुम्ही घ्या, नवी मला ऱ्हाऊ द्या." झालं! जुन्या पृथ्वीवर झरा माझा, आन् पाणी सगळं नव्या पृथ्वीवर. कंबर मोडली माझी.

तुझी अक्का,
बयाबाई

ता. क. तू नकाशे छापतात त्या कचेरीत शिपाई हायेस ना? मोठ्या साहेबाला चहा देताना सांग, पृथ्वी जरा अजून चेपा. जास्त नको, एका बांधापुरती.

आणखी ता. क. दाजी आज पहिल्यांदा कामाचं बोलले. म्हणतात, लई चेपली तर राहीबाईचं घर पण आपल्या हद्दीत येईल. तेव्हा साहेबाला म्हणावं, हात राखून चेपा. झरा येऊ दे, जाव नको.