कर्णधार कोपऱ्यात उभा राहत नाही

६ जानेवारी १९८५
आजपासून डायरी. कर्णधाराने विचार लिहून काढले पाहिजेत. विचार: पहिली चढाई मी. शेवटची चढाई मी. मधल्या पण शक्यतो मीच.
पुढच्या रविवारी चकाल्याच्या मैदानात कबड्डीची फायनल. अंधेरीतल्या एका कंपनीचे स्पोर्ट्स ऑफिसर टिपणीस साहेब बघायला येणार. त्यांच्या टीमसाठी एक पोरगा उचलणार, सोबत कायमची नोकरी. अण्णांची गिरणी संपात गेल्यापासून घरात पगार फक्त धाकट्या बहिणीचा, नलूचा. म्हणजे नोकरी मलाच. दुसरं आहे कोण?

९ जानेवारी
सराव बुडाला. निघालो मैदानाकडेच होतो, पण गोरेगावची बस रिकामी दिसली. स्टुडिओच्या गेटवर शूटिंगसाठी गर्दी गोळा करत होते, मलाही घेतलं. हवालदाराचा ड्रेस, मागची रांग. मी थोडा पुढे सरकलो. मागे पाठवलं. परत सरकलो. ड्रेस काढून घेतला. त्यांचंच नुकसान.
आमच्या टीममधल्या महादूने माझ्याशिवाय सराव घेतला म्हणे. हातात हात धरून साखळीची पकड बसवली. त्याला बजावलं, मला न विचारता काही बसवायचं नाही. म्हणाला, मग येत जा ना. उद्धट झालाय.

१३ जानेवारी, संध्याकाळ
हरलो. एका पॉइंटने. चूक अंपायरची.
बरोबरी होती, शेवटची चढाई माझी. दम झकास चालला होता. एवढ्यात मागे नजर गेली, तर आमच्या बाजूला महादू कोपरा सोडून उभा. कर्णधाराने काय बघत बसायचं? ओरडलो, "महादू, कोपरा धर!" आणि लगेच पुन्हा कबड्डी-कबड्डी चालू. अंपायरने शिट्टी मारली. म्हणे दम तुटला, बाद. अरे, तुटला कुठे? सूचना दिली.
महादू म्हणतो, "चढाई तुझी होती, हरी. मी कोपऱ्यात कोणाला धरणार होतो, वाऱ्याला?"
ह्याला कबड्डी कळलीच नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
टिपणीस साहेबांनी बोलावलं. मलाच! तिळगूळ दिला आणि कडू बोलले. पाय चांगले आहेत, नजर पण आहे, पण चढाईला आमच्याकडे माणसं आहेत. डावा कोपरा रिकामा आहे.
"तिथे उभा राहा. बडबड कर हवी तेवढी, कोपऱ्यात दम लागत नाही."
मी विचारलं, आणि कर्णधार?
"कर्णधार आहे आमच्याकडे."
शनिवारपर्यंत कळवायचंय. विचार करतो म्हटलं. विचार तिथेच झाला होता.

१६ जानेवारी
घरी कोपऱ्याचं सांगितलं. अण्णा पेपर वाचत राहिले. तो कालचा होता.
नलू साडीच्या दुकानात काउंटरला असते. म्हणाली, "दादा, मी दिवसभर उभीच असते. कुठल्या कोपऱ्यात, ते कधी विचारलं नाही मालकाला."
खेळाचं आणि साड्यांचं सेम नसतं.

१९ जानेवारी
साहेबांना सांगून आलो. कर्णधार कोपऱ्यात उभा राहत नाही. हवी तर टीम माझ्या हातात द्या, वर्षात चॅम्पियन करतो. त्यांनी उठून माझ्यासाठी दार उघडलं. घाबरले असावेत. सोमवारपर्यंत शरण येतील.

२३ जानेवारी
आले नाहीत. कोपरा महादूला दिला. म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस कंपनीने घेतला. एका अर्थी सिलेक्शन माझंच.
हे नलूला समजावलं. ती भाकऱ्या थापत होती, जरा जोरात थापायला लागली.

१ फेब्रुवारी
महादूचा पहिला दिवस. गेटपर्यंत सोडायला गेलो. कसं चालायचं, कोणाला सलाम करायचा, सगळ्या सूचना दिल्या. वॉचमनने पास मागितला. महादूकडे होता.
आत जाताना वळून म्हणाला, "हरी, मार्चमध्ये उजवा कोपरा पण रिकामा होतोय. विचारू का साहेबांना?"
मी म्हटलं, कर्णधार कधी... तेवढ्यात भोंगा झाला. पुढचं त्याला ऐकूच गेलं नाही. काय समजला असेल कोण जाणे. विचारलं तर विचारू दे, मी काही विचारायला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी सराव. हजर: मी. बाकीचे महादूच्या घरी पेढे खायला गेलेत. शिस्त राहिली नाही. तरी टॉस केला. मीच जिंकलो. पहिली चढाई घेतली. मागे सूचना द्यायला कोणी नव्हतं, म्हणून असेल, दम अजिबात तुटला नाही.