पहिल्या सिलिंडरचा साचा

मी, इंजिनांच्या कारखान्यातला पहिला साचे करणारा सुतार, आता निवृत्त, वय एक्क्याऐंशी, डोकं ठिकाणावर असताना माझ्या मालमत्तेची व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवत आहे. दडपण कुणाचंही नाही. जळफळाट आहे, पण तोही स्वकष्टार्जित आहे.

१. कारखान्यामागचं राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला मिळावी. जिन्याचा लाकडी कठडा मी केलेला आहे, तो काढून तिथे स्टीलचा बसवू नये.

२. माझे रंधे, पटाशा आणि त्यांची पेटी साचेखान्यात सध्या काम करणाऱ्या बाईंना द्यावी. त्या पटाशीने डबे उघडत नाहीत, एवढं मी पाहिलं आहे.

३. 'कारखान्याची पन्नास वर्षं' हे जाडजूड पुस्तक रद्दीत घालावं. त्यात माझा धाकटा भाऊ पानोपानी आहे आणि मी एकदाच, तोही 'इतर सहकारी' मध्ये. प्रत्येक इंजिनाच्या पितळी पाटीवर नाव त्याचं, फाटकाशी तसबीर त्याची. शेवटच्या आजारात आईसुद्धा त्यालाच हाका मारायची आणि पाणी मी पाजायचो. हे मला आजही सहन होत नाही.

४. पहिल्या सिलिंडरचा लाकडी साचा माझ्या पलंगाखाली आहे. कारखान्याच्या संग्रहालयासाठी धाकट्याने तो तीनदा मागितला, मी तीनदा नाही म्हटलं. कारण आता सांगतो. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून साचा करताना थोडी मोठी आखलेली पट्टी वापरतात. त्या साच्याला मी घाईघाईत साधी पट्टी लावली आणि सिलिंडर मापात कमी भरला. दुसरा ओतायला लोखंड उरलं नव्हतं. ठरल्या मापाचं भोक पाडलं असतं तर भिंत पातळ झाली असती, म्हणून धाकट्याने भोक लहान ठेवलं आणि पिस्टनही लहान कातला. ओतारी विचारायला लागला, "हे असं कसं झालं हो?" तर हा शहाणा म्हणतो, "मला असंच हवं होतं. तेल कमी पिईल." आणि ते मेलं इंजिन खरंच कमी प्यायलं! तेच माप आजतागायत चालू आहे. पुस्तकात त्याला 'संस्थापकांची दूरदृष्टी' म्हटलं आहे. दूरदृष्टी कसली डोंबलाची! माझी चूक होती ती. तीसुद्धा त्याने स्वतःच्या नावावर करून घेतली. सबब, साचा संग्रहालयात ठेवावा आणि खाली पाटी लावावी: 'साचा आणि चूक, दोन्ही थोरल्या भावाची.'

५. धाकट्याला काहीही नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार केलं आहे. शिवाय साक्षीदाराची सही खाली येते. जन्मात एकदा तरी त्याचं नाव माझ्या नावाखाली येऊ दे.

ठिकाण: राहत्या घराची वरची खोली
दिनांक: १४ ऑक्टोबर

लिहून ठेवणार: थोरला भाऊ (सही)

साक्षीदार १: घरचे डॉक्टर (सही)
लिहिणारे पूर्ण शुद्धीत आहेत. रक्तदाब वाढला आहे, तो कलम तीन लिहिताना.

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)
दादा, तू तो साचा करत होतास तो सगळा आठवडा मोठी पट्टी माझ्या लेथशेजारी खिळ्यालाच होती. सिलिंडर निघाला तेव्हाच मला कळलं. ओतारी तुला चारचौघांत हसला असता, म्हणून तसं बोललो. साचा ठेवतो. पाटीवर 'चूक' मात्र मी लिहू देणार नाही.