पश्चिमेचं ऊन आणि समोरचं दार

मी, कुमुद टिपणीस, वय एकाहत्तर, व्यवसाय वास्तुविशारद, राहणार मुनिरका, नवी दिल्ली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. दडपण आणायला घरात दुसरं कुणी नाहीच.

१. राहता फ्लॅट मुलगा परीक्षित यास मिळावा. टोरांटोहून तो फोनवर म्हणतो, "आई, यार, एक एसी लाव ना!" त्याने फ्लॅट विकला तरी हरकत नाही. विकेपर्यंत पश्चिमेच्या खिडक्या दुपारी बंद ठेवाव्यात.

२. सूर्याचे कोन मोजायचं माझं यंत्र माजी भागीदार विक्रांत यास द्यावं. गुरुग्रामच्या ऑफिसांच्या इमारतीत जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं मी पश्चिमेला ढकलली होती. ऊन त्यांनी झेलायचं, माणसांनी मधल्या चौकाच्या सावलीत बसायचं. मालकाला पश्चिमेला चकचकीत काच हवी होती. विक्रांतने मला न विचारता ती देऊन टाकली. आता तिथे भर दुपारी पडदे ओढून दिवे लावतात. निदान आता तरी पश्चिम कुठे ते बघ म्हणावं!

३. वाळ्याचे पडदे समोरच्या फ्लॅटमधल्या सरला देवस्थळी हिला द्यावेत. आमची दारं समोरासमोर. उन्हं कलली की दोघी दारं उघडायचो, वारा आरपार जायचा, गप्पाही. गुरुग्रामचा तो चौक मला इथेच सुचला. मग तिने एसी बसवला आणि दार लावून घेतलं. मी बोलले. ती म्हणाली, "हे माझं घर आहे कुमुद, तुझी साइट नाही." तेव्हापासून अबोला. माझं म्हणणं आजही तेच आहे. पण संध्याकाळी मी दार उघडते आणि समोरचं बंद असतं. वारा येत नाही. फार एकटं वाटतं.

साक्षीदार दोन लागतात. एक वकील सुधन्वा कारखानीस. इतकी वर्षं दिल्लीत काढून मला दुसरं नाव सुचेना. शेवटी सरलाची बेल वाजवली.

तिने उभ्याउभ्याच सगळं वाचलं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये.

"अच्छा? मग माझं नाव खोडा," सरला म्हणाली. "ही गेल्यावर पडदे लावून मी काय करू?"

सबब कलम ३ रद्द. खाडाखोडीवर माझी सही आहे.

(सही) कुमुद टिपणीस
साक्षीदार: १. सुधन्वा कारखानीस २. सरला देवस्थळी
मुनिरका, नवी दिल्ली. ११ जून २०२५, संध्याकाळ

नोंद: तिन्ही सह्या वाकड्या आल्या आहेत, त्यावरून कुणी वाद काढू नये. दोन्ही दारं उघडी होती आणि कागद सारखा उडत होता.