सहावा डोस

सोमवार, ३ जुलै १९७८. सकाळचे सव्वाआठ.

काउंटरवर बसून कागदाच्या पट्ट्या कापत होतो. पंधरा झाल्या, म्हणून हात पुसून ही वही उघडली. काल दुपारच्या एसटीनं देवगाव रंगारीहून औरंगाबादला आलो. शहागंजातल्या या औषधांच्या दुकानात मी आता शिकाऊ आहे. नववी नापास, पण अक्षर चांगलं, म्हणून मालकांनी ठेवून घेतलं. मालक म्हणजे काकासाहेब, वैजापूरकडचे. शेती तिकडं, दुकान इकडं. दोन वर्षं टिकलो तर कंपाउंडरचा पगार देणार आहेत.

राहायला दुकानाचाच पोटमाळा आहे. एका भिंतीला माझी वळकटी, दुसऱ्या भिंतीला रिकाम्या बाटल्यांचं फडताळ. खिडकीतून घड्याळाचा मनोरा दिसतो. मायला पत्रात हे सगळं लिहीन. ती शेजारच्या पोराकडून दोनदा वाचून घेईल.

शिकवणारे मोतीरामभाऊ. बावीस वर्षांपासून कंपाउंडर. मिक्स्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी कशी लावायची ते त्यांनी आज दाखवलं. पट्टी दुमडायची, कडेला खाचा मारायच्या, खळीनं उभी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. बाटलीला सहा डोस. माझ्या खाचा सारख्या पडल्या. भाऊ म्हणाले, धनगराचं पोर कात्री चालवायला शिकून आलंय, लोकरीचा उपयोग झाला.

शुक्रवार, ७ जुलै.

दुकानाला गर्दी संध्याकाळी. चिकलठाण्याच्या कारखान्यांची पाळी सुटली की माणसं थेट सायकलीवरून उतरतात. रिकामी बाटली परत आणली की चार आणे मिळतात. ती मी धुण्याच्या सोड्यानं धुतो, उपडी ठेवतो, वाळली की पुन्हा वापरायची.

बाटली हातात घेण्याआधी दुखणेकरी बरा आहे का हे विचारायचं, असं भाऊंनी बजावलं आहे. माणूस गेला असेल तर बाटली घ्यायची नाही. चुकून घेतली तर पुन्हा भरायच्या आत ज्यानं घेतली त्यानंच मागं नाल्यावर नेऊन फोडायची. मालक हसतात. नवी बाटली बारा आण्याला पडते, मोतीरामला काय जातंय म्हणतात. कारण विचारलं तर भाऊ म्हणाले, कारण कळून घेण्यापेक्षा विचारायची सवय लावून घे.

बुधवार, १२ जुलै.

माझ्याकडून चूक झाली.

दुपारी आशाबाई नावाच्या बाई आल्या. मी रजिस्टरात डॉक्टरांचं नाव नीट उतरवत होतो. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली म्हणून मान वर केली नाही. त्यांनी बाटली ठेवली, मी चार आणे दिले. त्या गेल्यावर पाहिलं, तळाशी एक डोस शिल्लक. शेजारचा पानवाला म्हणाला, बाईच्या सासऱ्याचा आज तिसरा दिवस.

फोडायला उठलो तर मालक समोर बाटल्याच मोजत होते. बारा आणे कापतील या भीतीनं बसलो. भाऊंना सांगितलं नाही. बाटली तीनदा धुतली. ओळखू यावी म्हणून नीट पाहून ठेवली. मधोमध, जिथं पट्टी बसते तिथं, काचेत ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा आहे.

गुरुवार, १३ जुलै.

सकाळी उठलो तर ती बाटली फडताळात उभी होती. बाकीच्या सगळ्या उपड्या. तळाशी एक डोस मिक्स्चर.

मला वाटलं भाऊंनी थट्टा केली. पण ते तर किल्लीची वाट पाहत खाली फुटपाथवर उभे होते. पुन्हा धुतली. अकराच्या गर्दीत भाऊंनी तीच उचलून भरली. कचरू नावाचा कामगार, चिकलठाण्याचा, नुसता खोकला. मी तोंड उघडलं होतं. पण मालक होते.

मंगळवार, १८ जुलै.

कचरूच्या भावानं बाटली परत आणली. आज विचारलं. तो म्हणाला, रविवारी गेला. पाच डोस घेतले, सहावा घ्यायच्या आधी.

भाऊ बँकेत गेले होते. मी बाटली घेत नाही म्हणालो तर मालक चिडले. त्यांनी स्वतः ती घेऊन विसळून वरच्या फडताळात चाळीस बाटल्यांत ठेवली. भाऊ आल्यावर मी त्यांना आशाबाईंपासून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. खल पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, शोध.

शोधता येईना. सकाळीच मी हौसेनं बाकीच्या सगळ्या बाटल्यांना आगाऊ पट्ट्या चिकटवल्या होत्या. काम पुढं सरकलं म्हणून मालकांनी शाबासकी दिली होती. कचरूच्या बाटलीची पट्टी मालकांनी काढलीच नव्हती, त्यामुळं बुडबुडा पट्टीखालीच राहिला. रोज थोड्या भिजवून सोडव, तोवर नव्या बाटल्या वापरू, मालकांना मी सांभाळतो, असं भाऊ म्हणाले.

शनिवार, २२ जुलै.

आमच्या गावचा सांडू धावत आला. तुझ्या मायला खोकल्यानं झोप नाही, काहीतरी दे, गाडी पंधरा मिनिटांत सुटते. भाऊंनी मिक्स्चर भरून दिलं. आज नव्या संपल्या होत्या, म्हणून फडताळातली बाटली मी दिली. तपासलेल्या बाजूची दिली. बारा तपासल्या होत्या, त्यांतलीच होती. डावी बाजू तपासलेली. मी डाव्या बाजूची दिली.

बुधवार, २६ जुलै.

सांडू परत भेटला. मायला उतार आहे. पण ती औषध पुरवून पुरवून घेते. दिवसाला दोन सांगितले होते, ती दिवसाआड एक घेते. पहिला रविवारी, म्हणजे २३ तारखेला. लवकर संपू नये म्हणून.

गुरुवार, २७ जुलै.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव मुंबईत मंजूर झाल्याचं रेडिओवर आलं. बाजारात पटापट फळ्या लागल्या. मालक म्हणाले मोतीरामला उद्या येऊ नको म्हणावं. भाऊंची वस्ती बौद्धांची. भाऊ म्हणाले, ते मालकांनी मला सांगावं, पोराच्या तोंडून नको. आणि डबा घेऊन गेले.

शुक्रवार, २८ जुलै.

दुकान बंद. भाऊ नाहीत. उरलेल्या सगळ्या बाटल्या भिजवल्या. पट्ट्या सोडवल्या. एकेक उन्हात धरून पाहिली.

एकोणचाळीस बाटल्या. एकीतही बुडबुडा नाही.

पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस.

पट्ट्या वाळवायच्या म्हणून मंगळवारनंतर मी एकदा सगळ्या बाटल्या फडताळातून काढून परत लावल्या होत्या. डावी बाजू डावी राहिली नव्हती –

शनिवार, २९ जुलै.

एसटी बंद. गाड्या जाळल्या म्हणतात. पोस्ट बंद. रस्त्यावर पोलीस. मायचा आज चौथा डोस. २३, २५, २७, २९. पाचवा सोमवारी.

रविवार, ३० जुलै.

संचारबंदीत दोन तास सूट मिळाली. भाऊंच्या वस्तीवर गेलो. तोंडाशीच काठ्या घेऊन माणसं बसली होती, त्यांत भाऊ. त्यांच्या भावाचं गावाकडचं घर जाळलं. एका नावापायी केवढं हे, असं माझ्या तोंडून निघालं. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं.

"नाव लहान नसतं, बिरू. तू तर वेलांटीसाठी रडतोस."

मी त्यांच्या शेजारी बसलो. मग बाटलीचं सांगितलं. ते उठून मला बाजूला घेऊन गेले.

"आता फोडून उपयोग नाय. एकदा भरली ती भरली. सहावा डोस कुणीतरी घेतल्याबिगर ती निजत नाय. अन् तो दुखणेकऱ्यानं घ्यायचा नसतो. ज्यानं बाटली घेतली त्यानं."

घेतल्यावर काय होतं, हे मी विचारलं. त्यांना ठाऊक नाही. असं कुणी आजवर केलेलं नाही. त्यांनी मला दहा रुपये दिले आणि खुलताबादकडून जा म्हणाले, तिकडून कांद्याचे ट्रक चालू असतात.

सोमवार, ३१ जुलै. सकाळी सात.

दौलताबादपर्यंत पायी. घाटात ट्रक मिळाला.

साडेदहा.

खुलताबादच्या पुढं रस्त्यावर झाड आडवं. ट्रक मागं वळला. उतरलो. माय सकाळीच औषध घेते. न्याहारीनंतर. म्हणजे घेतलाच असेल –

दुपारी दोन. कसाबखेडा.

जळलेली एसटी. अजून धूर. बैलगाडीवाला घेईना, कोण कुठला विचारत होता. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मग घेतलं.

संध्याकाळी सहा. देवगाव.

माय बसलेली आहे. बसलेली आहे. मला पाहून हसली.

बाटली कोनाड्यात. पट्टी माझ्या हातची. मी ती नखानं खरवडली. दाण्याएवढा बुडबुडा आहे.

पाच खाचा रिकाम्या. माय म्हणाली, "तुझ्यासाठी एक ठेवलाय रं. तू बी खोकत आलास नं?"

मी खोकत नव्हतो. मला आठवत नाही.

साडेसहा.

अंगणात ओतून टाकला. मातीत मुरला, मी बघितलं. आत येऊन कोनाड्यात ठेवली, वळलो –

एक डोस.

पुन्हा ओतला. पुन्हा –

सव्वासात.

माय आडवी झाली. थकवा म्हणते. हात गार. कचरूचे हात असेच गार पडत गेले, असं त्याचा भाऊ सांगत होता. श्वास घेते, मग थांबते. मी मोजतो. मघाशी सातापर्यंत मोजलं तरी दुसरा येईना. आता अकरा –

हिशेब लिहून ठेवतो. कुणाचं राहायला नको.

खर्च: ट्रक दोन रुपये. बैलगाडी एक रुपया. चहा दोनदा, साठ पैसे.

देणं: मोतीरामभाऊ दहा रुपये, पैकी सहा रुपये चाळीस पैसे या वहीत आहेत. मालक, बाटलीचे बारा आणे.

डोस: मायनं पाच.

बिरूनं, सात वाजून पंचवीस मिनिटांनी, ए